कमी गाळाचा करंडक

गाळ म्हटलं की माणसं नाक मुरडतात. मुरडोत बापडी! पण एवढं मोठं जहाज चालतं कशावर, असं गाळमामांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, "गाळावर." अहो, तेलावर नाही का? "तेल कुणीही ओततो हो. जळलेलं बाहेर कोण काढतो, ते विचारा."

मामा जहाजाच्या इंजिनावर तेलवाले होते. तेलवाला म्हणजे हातात झारी घेऊन फिरणारा माणूस, अशी तुमची समजूत असेल तर ती आत्ताच काढून टाका. त्या धुडाला झारी कुठली पुरते? तीन मजली घराएवढं इंजिन! डोकं बघायचं तर वर चढा, पाय बघायचे तर दोन जिने उतरा. सिलिंडर असे की एकेकात माणूस उभा राहील. त्यांच्यात तेल सोडावंच लागतं, नाहीतर लोखंड लोखंडाला खातं. मग ते तेल जळतं, काजळी धरतं आणि काळंकुट्ट, चिकट होऊन खाली ओघळतं. खाली प्रत्येक सिलिंडरला हवेची एक पेटी असते, ओघळ तिच्यात जमतो. पेटीच्या तळाला भोक, भोकाला पाइप, सगळे पाइप मिळून एक मोठा पाइप, आणि तो जातो गाळाच्या टाकीत. झालं शास्त्र. पाइप वाहता राहिला तर सगळे सुखी. तुंबला तर काळं तेल पेटीतच साठणार, वरून एखादी ठिणगी पडणार, आणि पेट घेणार. जहाजाला आग लागल्यावर पळायला अंगण कुठून आणायचं?

म्हणून मामा रोज फिरायचे. प्रत्येक पेटीखाली एक छोटीशी तोटी होती. मामा उकिडवे बसायचे, तोटी हळूच सोडायचे आणि इंजिनाला म्हणायचे, "बोल बाई, बोल." आतून फुस्सकन हवा यायची आणि तिच्याबरोबर काळा गोळा बाहेर. मामांचा चेहरा असा खुलायचा की बघणाऱ्याला वाटावं, घरून पत्र आलंय. मग मोठ्या पाइपावर तळहात टेकवायचे. गरम लागला म्हणजे गाळ वाहतोय. गार लागला म्हणजे कुठेतरी अडलंय. तीसेक वर्षं हा माणूस हेच करत आला. त्यांचं खरं नाव कप्तानालासुद्धा आठवत नव्हतं. कप्तानही त्यांना मामाच म्हणायचा.

घरी रजेवर आले तरी तेच. पिशवी खाली ठेवली की आधी मोरीत उकळतं पाणी. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या मोरीत. मुलीचं लग्न ठरलं आणि नवराबायको पहिल्यांदा व्याह्यांकडे गेले, तर चहा होईपर्यंत मामा त्यांच्या स्वयंपाकघरात सिंकखाली उताणे! बायको बाहेर व्याह्यांसमोर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलेली, आणि आतून यांचा आवाज, "अहो व्याहीबुवा, तुमच्या घरात केस किती गळतात हो!" लग्न मोडलं नाही, हे पोरीचं नशीब.

आणि गंमत अशी, की मामांच्या स्वतःच्या मोरीतला नळ मुलगी रांगत होती तेव्हापासून गळत होता. बायकोने किती वेळा सांगितलं! मामा नळाकडे बघायचे, मग वाकून खालची जाळी बघायचे आणि म्हणायचे, "पाणी येतंय, जातंय. तुंबत तर नाही ना? मग झालं. गळणं हा वरचा प्रश्न. मी खालचा माणूस." आता या माणसापुढे डोकं आपटावं का भिंतीवर आपटावं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बिचारीने नळाखाली बादली लावली आणि ती रोज रिकामी करायला लागली.

मामा जहाजावरून घरी फोन करायचे. जेवणाच्या खोलीत भिंतीला फोन होता, सगळ्यांनी आपापल्या पाळीने करायचा. बायकोचा आवाज आला की तो थांबायचाच नाही. नळ, छप्पर, सासूबाईंची खोकल्याची उबळ, मुलीची शाळा, खालच्या मजल्यावरच्या बाईचा खवचटपणा. मामांनी त्यावर एक युक्ती काढली होती. ते रिसीव्हर टेबलावर ठेवायचे, जेवायला बसायचे, आणि दोन घास झाले की वाकून "हं" म्हणायचे. आचारी त्यांच्या ताटात वाढता वाढता हसायचा. कधीकधी मामांच्या तोंडात घास असला तर तोच रिसीव्हरपाशी जाऊन "हं" म्हणून यायचा. हे जगात कुठे चालतं? इथे चाललं, आणि वर्षानुवर्षं चाललं.

मागच्या रजेत मात्र मामांनी बायकोला समोर बसवून सांगितलं, "अगं, इतक्या लांबून फोन करतो मी, आणि तू माझ्या कानात हे सगळं ओततेस. चार शब्द गोड बोलत जा की." बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून चमत्कार झाला. फोन लावला की पलीकडून मऊ आवाज, "सगळं छान आहे. तुमची तब्येत? जेवलात? बरं, ठेवते." संपला फोन. मामांना जेवायला बसायला वेळसुद्धा मिळेना. पण खूश काय झाले! ज्याला त्याला सांगत सुटले, "आमचा संसार बघा. थेंबभर गाळ नाही. नुसती वाफ!" आचारी म्हणाला, "नशीब काढलंत मामा. माझी तर फोनवरून भांडी फेकते."

ही फेरी मामांची शेवटची. पुढे नोकरी संपत होती, कायमचं घरी जायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची धास्ती होती. तीस वर्षांत हा माणूस घरात सलग राहिलाच नव्हता. घरात आपली खुर्ची कुठली, हेही त्यांना सांगता आलं नसतं. पण बोलायचे ऐटीत. "आता आलो की कायमचा," असं त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "छान. पण एखादी फेरी आणखी मिळाली तर बघा. घाई नाही काही." मामांनी हेही आचाऱ्याला कौतुकाने सांगितलं. "बघ, माझा हात रिकामा राहिला तर मी खंगेन, याची तिला काळजी!" आचाऱ्याने पातेल्यात डाव घातला आणि ढवळत राहिला.

त्याच सुमारास कंपनीच्या ऑफिसातून फर्मान आलं. जहाजाचा गाळ बंदरावर उतरवून द्यायला खर्च येतो, म्हणून जे जहाज सगळ्यात कमी गाळ काढेल त्याला करंडक! ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याने इंजिन बहुतेक कॅलेंडरावरच्या चित्रात पाहिलं असावं. गाळ काय माणूस ठरवून कमी करतो? उद्या म्हणतील, जो कमी शिंकेल त्याला शाल. पण चीफसाहेबांना करंडकाचं भलतंच वेड. चीफसाहेब म्हणजे इंजिनरूमचे मुख्य. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मामा, करंडक मिळाला तर तो तुमच्या हातात द्यायला लावतो. जाता जाता मान होऊ दे तुमचा." झालं! मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग चीफसाहेबांनी इंजिनरूम रंगवायला काढली. आणि रंग कुठला? पांढरा! जमिनीचे पत्रे पांढरे, पेट्यांची दारं पांढरी, पाइपांवर पांढरं वेष्टण. दवाखान्याने लाजावं असा थाट. आणि वर ताकीद, करंडक द्यायला कंपनीचे साहेब येतील, ते जाईपर्यंत जमिनीवर काळा थेंब दिसता कामा नये. तोट्या उघडायच्या नाहीत. मामा एक दिवस कुरकुरले. "साहेब, बाईला बोलूच द्यायचं नाही म्हणजे कसं?" चीफसाहेब म्हणाले, "मान, मामा, मान." मामांनी तोट्या घट्ट आवळल्या.

तोट्या बंद. राहिला तळहात. पण मोठ्या पाइपाची हात टेकवायची खरी जागा पार कोपऱ्यात, आणि तिथे जायचं तर ओल्या रंगावर पाय पडणार. म्हणून मामांनी अलीकडूनच हात टेकवायला सुरुवात केली. अलीकडे त्याच पाइपाला वाफेची बारीक नळी गुंडाळलेली होती, आतला गाळ थंडीने घट्ट होऊ नये म्हणून. त्यामुळे तिथे पाइप नेहमीच गरम. आत गाळ वाहो न वाहो, दगड भरा, तरी गरम! हे मामांना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण करंडक डोळ्यांवर आला की माहीत असलेलं दिसत नाही.

आणि टाकी भरायची थांबली. काय आनंद सगळ्यांना! रोज टाकीत पट्टी बुडवायची, आणि रोज गाळ तिथल्या तिथे. चीफसाहेब येता जाता मामांना सलाम ठोकायला लागले.

एकट्या मॅडमना ते पटेना. मॅडम म्हणजे तिसऱ्या इंजिनीयर. वयाने मामांच्या मुलीएवढ्या, बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, "मामा, इंजिन तेवढंच चालतंय. तेल तेवढंच आत जातंय. मग गाळ जातोय कुठे?"

"मॅडम," मामा हसून म्हणाले, "काही घरं मुळातच स्वच्छ असतात."

"घर नाही हो हे, इंजिन आहे."

"एकच ते. आमच्या घरी बघा, मी बोललो फक्त एकदा. तेव्हापासून कुरकुर बंद. वळण लावावं लागतं."

मॅडमनी चीफसाहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, समारंभ होऊ दे, मग बघू. समारंभाआधी कुणी काही बघायचं नसतं, हा तर जगाचाच नियम आहे.

करंडकाचे साहेब एका बंदरावर जहाजात चढले. गोल, गोरेपान, सतत घाम पुसणारे. पुढच्या बंदरापर्यंत येणार आणि वाटेत करंडक देणार. समारंभ कुठे करायचा? साहेबांचा हट्ट, इंजिनासमोरच! चालत्या इंजिनासमोर फोटो पाहिजे. आता चालत्या इंजिनाचा आवाज असा असतो की शेजारचा माणूस बोंबलला तरी ओठच हललेले दिसतात. सगळ्यांच्या कानांवर वाटीएवढी झाकणं. भाषण करणाऱ्यांच्याही कानांवर. तरी भाषण झालं! साहेब कागद न घेता बोलले, हातवारे करून बोलले. एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. साहेबांनाही स्वतःचं ऐकू येत नसणार, म्हणूनच ते थांबेनात. त्यांचं तोंड मिटलं की सगळे टाळ्या वाजवत, तोंड उघडलं की बंद करत. कप्तान मान डोलवत होता. आचारी तर डोळे पुसत होता, का ते त्यालाच माहीत.

मामा पुढे उभे. नवा शर्ट, केस चापून बसवलेले, पाठीमागे पांढरीशुभ्र पेटी. साहेबांनी दोन कानांचा चकचकीत करंडक त्यांच्या हातात दिला. फोटोसाठी मामा जरा मागे सरकले आणि पेटीच्या दाराला पाठ टेकली.

पाठ भाजली. मामा चटकन वळले. दाराच्या पांढऱ्या रंगावर एक फोड आला होता. बघता बघता दुसरा आला. भाजलेल्या बोटावर येतात तसे टम्म फोड, आणि दाराच्या कडेने बारीकसा धूर. वरून कुठूनतरी इंजिन कुत्र्यासारखं भुंकल्याचा आवाज झाला. तो मात्र झाकणांमधूनही सगळ्यांना ऐकू आला. साहेबांना वाटलं, सलामी!

"आग!" मामा ओरडले. साहेबांनी त्यांचे ओठ बघितले, त्यांना वाटलं हा गहिवरून आभार मानतोय. त्यांनी मामांना मिठी मारली. तिकडे मॅडम दोन्ही हात हवेत हलवत, बोट दाखवत, उड्या मारत होत्या. लोकांना वाटलं, पोरगी हौशी आहे. दोघातिघांनी तिच्याबरोबर हात हलवले. शेवटी मामांनी साहेबांना मिठीसकट उचललं आणि पेटीसमोरून बाजूला नेऊन ठेवलं. तेव्हा कुठे चीफसाहेबांची नजर त्या फोडांवर गेली आणि त्यांची पाचावर धारण बसली.

मग मात्र सगळे शहाण्यासारखे वागले. इंजिन हळू केलं, मग थांबवलं. पेटीत वाफ सोडली. चीफसाहेब बावचळून दार उघडायला धावले, तर मॅडमनी त्यांचा हात धरला. "साहेब, गरम पेटी उघडायची नाही! वारा लागला की भडकेल. निवू द्या." मामांनी मान हलवली. "बरोबर बोलतात त्या. आतलं निवल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि उघडायचं तेव्हाही आधी तोटी, मग दार." इंजिन बंद पडलेलं जहाज समुद्रात नुसतं डोलत राहिलं, आणि सगळे हातपाय गाळून पेटी निवायची वाट बघत बसले.

पेटी निवली. दार उघडलं. आत गुडघाभर काळा गाळ. तळाचं भोक दिसेना. सगळ्या पेट्यांची हीच तऱ्हा, मोठा पाइपच पार दगडासारखा भरलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा! एवढे दिवस टाकीत जो गाळ आला नाही, तो इथे बसून वाट बघत होता.

आत कुणी शिरायचं? "मी," मामा म्हणाले. "माझा मान आहे तो." त्यांनी नवा शर्ट काढला आणि दिवा घेऊन पेटीत सरपटत गेले. खरवडायला फावडं मिळालं, पण गाळ बाहेर द्यायचा कशातून? मामा आत आडवे झाल्यावर दारात बादलीएवढी फट उरेना. मामांनी हात बाहेर काढून चाचपलं, आणि हाताला लागला करंडक. नेमका मापाचा. धरायला दोन कान! मामा आतून करंडक भरून द्यायचे, मॅडम बाहेर तो बादलीत पालथा करून परत द्यायच्या. करंडकाचे साहेब लांबून बघत होते. म्हणाले, "जरा जपून हं, चांदीचं पाणी दिलंय त्याला." चीफसाहेबांनी त्यांना चहा प्यायला वर पाठवून दिलं.

बऱ्याच वेळाने मॅडमनी बाहेरून विचारलं, "मामा, रागावू नका. पण तुमच्यासारख्या माणसाला कळलं कसं नाही?"

"पाइप गरम लागत होता हो." फावड्याचा आवाज. "हात चुकीच्या जागी ठेवला मी. आणि कुरकुर बंद होती. तोंड बंद केलं होतं ना बाईचं. मला वाटलं, छान आहे सगळं."

फावडं थांबलं. करंडक बाहेर येईना.

"मामा? बरे आहात ना?"

"मॅडम," आतून आवाज आला, "एखादी बाई वर्षभर 'सगळं छान आहे' एवढंच म्हणत असेल, तर हो?"

"कुठली बाई? इंजिन?"

"नाही. घरची."

मॅडमनी दारातून आत हात दिला. मग म्हणाल्या, "मामा, तुम्ही आधी बाहेर या."

मामा बाहेर आले ते थेट जिन्याकडेच निघाले. डोक्यापासून पायापर्यंत काळे, डोळ्यांचं पांढरं तेवढं ओळखू येत होतं. पांढऱ्या पत्र्यांवर ठसे, जिन्यावर ठसे, जेवणाच्या खोलीत ठसे. साहेब चहा पीत होते, त्यांनी पाय वर घेतले. मामांनी फोन लावला. मागोमाग मॅडम, चीफसाहेब, आचारी, सगळे दारात येऊन उभे राहिले. आज रिसीव्हर टेबलावर नव्हता.

"अहो, आज कसा काय फोन?" बायको म्हणाली. "सगळं छान आहे. जेवलात?"

मामांच्या तोंडावर आलं होतं, अगं भांड माझ्याशी! पण गरम पेटीचं दार एकदम उघडायचं नाही, हे कळायला त्यांची हयात गेली होती. आधी तोटी.

"मोरीतला नळ," मामा म्हणाले. "अजून गळतो का गं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गळतो," ती म्हणाली.

"बादली?"

"बादली मीच रिकामी करते. दुसरं कोण करणार?" आवाज जरा बदलला होता. "ही तिसरी बादली आहे. पहिल्या दोन फुटल्या. तुम्हाला काय त्याचं? तुम्ही खालचे ना!"

"बोल बाई, बोल," मामा पुटपुटले. सवयीने तोंडातून निघून गेलं.

आणि ती बोलायला लागली. अहो, काय काय निघालं! छपराखाली एकटीने ताडपत्री बांधली ते. व्याह्यांच्या घरून आल्यावर रात्रभर जीव कसा लाजेनं गेला होता ते. मुलगी तापाने फणफणली तेव्हा शेजारणीने दार उघडलं ते. मामा ऐकत होते. त्यांच्या कोपरावरून काळं तेल टपटप जमिनीवर पडत होतं. दारातून चीफसाहेबांनी खुणेने विचारलं, किती वेळ? मामांनी हात वर केला. थांबा, वाहतंय.

"आणि तुमची आई," ती म्हणाली. "मी फोनवर विचारलं होतं, त्यांना दवाखान्यात हलवू का घरीच ठेवू. तुम्ही काय म्हणालात आठवतं? 'हं.' मी परत विचारलं. परत 'हं.' त्या हंचं मी काय करायचं होतं हो? मी आपल्या मनाने घरी ठेवलं. त्या गेल्या. आजतागायत मला वाटतं, चुकलं का माझं."

दारात उभ्या आचाऱ्याला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. पण मामांनी वळून त्याच्याकडे असं बघितलं, की तो खालमानेने ओट्याकडे निघून गेला. मामा भिंतीला टेकून जमिनीवरच बसले. रडू यायचं ते आलं, तोंडावरच्या काळ्यात दोन पट्टे उठले.

"तुझं नाही चुकलं," ते म्हणाले. "माझं चुकलं गं."

"आता म्हणताय." ती दमली होती. "ऐका, सांगूनच टाकते. माझी बॅग भरलेली आहे. तुम्ही कायमचे येणार म्हणालात त्या दिवशीच भरली. तुम्ही आलात की मी मुलीकडे जाणार राहायला. तुमच्याशी गोड गोड बोलत म्हातारपण काढायचं मला जमायचं नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या मोऱ्या मोकळ्या केल्या, आणि ही घरात आतल्या आत पेटली होती. "बोल बाई," ते कसेबसे म्हणाले. "अजून असेल ते बोल."

"हे 'बाई, बाई' काय लावलंय मघापासून?"

"इंजिनाला म्हणतो मी. रोज. तोटी उघडली की."

"इंजिनाला?" ती म्हणाली. "तीस वर्षं त्या लोखंडाला बोल बोल म्हणत होतात? आणि मला म्हणालात, गोड बोल?"

आणि तिने फोन ठेवला.

मामा रिसीव्हर हातात धरून तसेच बसले. मॅडम त्यांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसल्या, काळं लागेल याची पर्वा न करता. चीफसाहेबांनी टोपी काढली, का काढली हे त्यांनाही कळलं नसावं. कुणीतरी मामांच्या हातातला रिसीव्हर काढून जागेवर लावला. साहेबांचा चहा गार झाला.

तेवढ्यात फोन वाजला.

सगळे दचकले. त्या फोनवर बाहेरून कुणाचा फोन यायचा नाही. नंबर सगळ्यांच्या घरी दिलेला होता, अडीअडचणीला म्हणून. मामांच्या घरातून तो तीस वर्षांत एकदाही लावला गेला नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा तिने मामांच्या फोनची वाट बघितली होती. आचारी ओट्यापासून धावत आला, त्याने फोन उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर पुढे धरला.

"मामा, मामी आहेत. म्हणतात, एक सांगायचं राहिलं. खूप वेळ लागेल म्हणतात."

मामांनी तळहात पँटला पुसला. पँटही काळीच होती, काय पुसलं जाणार! रिसीव्हर कानाला लावला. "हं" अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"ऐकतोय," ते म्हणाले.